सांतोरिनीचा चुना

सांतोरिनी म्हटलं की पांढऱ्या भिंती आणि निळा घुमट. कॅलेंडरांवर आपण ते कितीदा तरी पाहिलेलं असतं. २००८ च्या सप्टेंबरात मी आणि माझी लेक या ग्रीक बेटावर गेलो, तेव्हा माझ्या गळ्यात फिल्मचा जुना कॅमेरा आणि पिशवीत ३६ फोटोंचे चार रोल होते. तिच्याकडे नवाकोरा डिजिटल. “बाबा, १४४ फोटोंत बेट मावणार का?” असं तिनं निघतानाच चिडवलं. (आजही फिल्म नेणाऱ्यांनी रोल हातातल्या बॅगेत ठेवावेत आणि नव्या सीटी स्कॅनरमधून न घालता हातानं तपासायला सांगावेत.)

बेट म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडाची उरलेली कड. उभ्या कड्यावर फिरा आणि ईया ही गावं. बरीच जुनी घरं राखेच्या मऊ थरात गुहेसारखी कोरलेली. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात त्यातली पुष्कळ पडली, मग दुरुस्त झाली. वर चुना. दिवाळीआधी आपल्याकडे भिंतींना लागायचा तोच, शेजारच्या अक्कांचा सुण्ण.

हा चुनाच फोटो काढणाऱ्याची परीक्षा घेतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो, त्यामुळे नुसती पांढरी भिंत मळकट येते. उपाय जुनाच, एक-दीड स्टॉप उजेड जास्त द्यायचा. निगेटिव्ह फिल्म मोठ्या मनाची, थोडा जास्त उजेड सहज सोसते. डिजिटलमध्ये पांढरा एकदा जळाला की तिथला तपशील परत येत नाही. लेक दर फोटोनंतर पडद्यावरचा आलेख बघायची. फिराचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी घरं सावलीत असतात. भिंतीचे फुगवटे, कुंचल्याचे फटकारे त्या मऊ उजेडातच दिसतात. सूर्यास्ताला ईयाच्या गर्दीत धक्के खाण्यापेक्षा मला ही सकाळच आवडली.

अशाच एका सकाळी एक आजी पायऱ्यांच्या कडांना चुना लावत होत्या. लेकीनं सात-आठ फोटो घेतले, मी एक. मग तिच्या लक्षात आलं की आधी विचारायला हवं होतं. कॅमेरा दाखवून तिनं खुणेनं विचारलं. आजी म्हणाल्या, “ने, ने!” आम्ही ओशाळलो. लेकीनं त्यांच्यादेखत सगळे फोटो पुसून टाकले. आजी आमच्याकडे बघतच राहिल्या.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरमालकीणबाईंना हे सांगितलं, तर त्यांना हसू आवरेना. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो! नाही म्हणायला ‘ओही’.

“घरात मराठी, बाजारात कन्नड बोलणारे आपण, आणि एका अक्षराला फसलो,” लेक म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. चुना वाळला होता, आजी नव्हत्या.

माझा फोटो मात्र रोलमध्ये होता. तो पुसायची सोयच नव्हती. बेळगावात रोल धुऊन आला तेव्हा लेकीनं आधी तीच पट्टी उजेडात धरली. आजी जरा कडेला गेल्या आहेत, कुंचल्याचा हात हलला आहे, पण चुना चुन्यासारखा पांढरा आहे. दोन प्रिंट काढल्या. एक घरमालकीणबाईंच्या पत्त्यावर पाठवली, पायऱ्यांवरच्या आजींना द्या म्हणून.