शिराझ : नाव इराणचं, जन्म फ्रान्सचा, मुक्काम नाशिकचा

मंडळी, फेब्रुवारी-मार्चमध्ये दुबईच्या बाजारात नाशिकच्या द्राक्षांच्या पेट्या दिसल्या की आपल्याला किती बरं वाटतं! पण त्याच नाशिकच्या मातीत एक काळं द्राक्ष पिकतं, जे या पेट्यांत कधी येत नाही. त्याचं नाव शिराझ. इथे राहून वाईनवर लेख कशाला, असं कुणी विचारेल. आम्हाला पेल्याबद्दल नाही, वेलीबद्दल आणि ती लावणाऱ्या शेतकऱ्याबद्दल बोलायचं आहे.

आधी नावाची गंमत. शिराझ हे आखातापलीकडचं, इराणमधलं शहर. कवी हाफिजची कबर तिथलीच. तेव्हा हे द्राक्षही तिथलंच, असा समज बरीच वर्षं होता. धर्मयुद्धावरून परतलेल्या एका सरदाराने ही वेल फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी लावली, अशी दंतकथाही आहे. पण आम्हा इंजिनिअर मंडळींना पुरावा लागतो! तो १९९८ मध्ये मिळाला. कॅलिफोर्नियातल्या कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्समधल्या माँपेलिएच्या संशोधकांनी या वेलीचा डीएनए तपासला. आई निघाली माँद्यूझ ब्लांश हे पांढरं द्राक्ष आणि बाप द्यूरेझा हे काळं. दोघंही आग्नेय फ्रान्सची. फ्रान्समध्ये या द्राक्षाला सिरा म्हणतात. १८३० च्या दशकात त्याच्या काड्या ऑस्ट्रेलियात गेल्या आणि तिथे शिराझ हे नाव रुळलं.

आता स्वभाव. मणी लहान, निळसर काळा, आत बिया. रस जवळजवळ बिनरंगी, रंग सगळा सालीत. म्हणून लाल वाईनसाठी रस सालींसकट आंबवतात. तुरटपणा साली आणि बियांमधूनच उतरतो. दुसरी खूण म्हणजे मिऱ्यासारखा वास. हा नुसता भास नाही. रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे तो येतो, हे ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. आपल्या मिरीतही तेच द्रव्य असतं.

फ्रान्समध्ये ही वेल हिवाळाभर झोपते. नाशिकच्या हवेत तिला तशी झोप नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पाऊस सरत आला की फळछाटणी. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला की रंग भरतो, आंबटपणा टिकतो. बहुतेक ठिकाणी मुळं शिराझची नसतात, काटक खुंटावर कलम केलेलं असतं. परक्या मुळांवर बहरण्याची कला आपल्याला काही नवी नाही!

नाशिकला वाईनची गोडी लावणारे राजीव सामंत हे अमेरिकेत ओरॅकल कंपनीत नोकरी करून परतलेले इंजिनिअर. त्यांच्या 'सुला'ची पहिली वाईन २००० साली आली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केलं आणि विंचूरला वाईन पार्क झाला. वायनऱ्या वाढल्या, तसे शेतकरीही करार करून शिराझ लावू लागले.

खरी मेख इथेच आहे. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला, तर दुसरा बाजार गाठता येतो, नाहीतर बेदाणा करता येतो. शिराझ लहान आणि बियांचं, त्यामुळे वायनरी हेच एक गिऱ्हाईक. २००८ ची जागतिक मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनंतर मागणी घसरली. अनेक वायनऱ्यांना माल उचलता येईना. कित्येक शेतकऱ्यांनी जोपासलेल्या बागा उपटून टाकल्या. वेल नीट फळायला दोन-तीन वर्षं लागतात, उपटायला एक दिवस पुरतो.

त्यातून सावरून नाशिकची वाईन पुढे गेली. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२२ मध्ये सुला शेअर बाजारातही आली. पण शेतकऱ्याचं सुख आजही एका कागदावर अवलंबून आहे. करार किती वर्षांचा, भाव कसा ठरणार, माल नाकारला तर नुकसान कोणाचं? सुट्टीत नाशिकला गेलात तर फोटो जरूर काढा, पण बागायतदाराला हे तीन प्रश्नही विचारा. आपल्यापैकी कुणी उद्या तिकडे पैसे गुंतवायचं म्हटलं, तर सुरुवात याच प्रश्नांपासून व्हावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.