‘थांबा’ म्हणायची नोकरी

शिकारीची गाईड म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर हे काम करते. मूळची साताऱ्याची. आमचं घर माळकरी, त्यामुळे आईनं सरळच विचारलं, ‘अगं, जीव घ्यायला लोकांना घेऊन जातेस?’

प्रश्न रास्तच होता. पण इथली गोष्ट वेगळी आहे. माणूस येण्याआधी या भूमीवर वटवाघळांखेरीज एकही सस्तन प्राणी नव्हता. पुढे गोऱ्या लोकांनी शिकारीच्या हौसेसाठी हरणं आणली. १९०४ मध्ये तर माउंट कुकजवळ चक्क आपल्या हिमालयातले ताहर सोडले! ताहर म्हणजे रानबोकडासारखा, मानेला दाट आयाळ असलेला प्राणी. हिमालयात त्याच्या मागे हिमबिबट्या असतो, इथे कुणीच नाही. कळप वाढले, उंचावरचं गवत आणि रानफुलं फस्त व्हायला लागली. १९९३ च्या सरकारी आराखड्यात ताहरची कमाल संख्या १०,००० ठरवली, तरी ती पुढे कितीतरी वाढली. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं ज्याला संरक्षण, त्यालाच इथे कमी करावं लागतं. आईला हे पटलं असं नाही, पण तिनं ऐकून घेतलं.

नवऱ्याच्या डेअरी फार्मवरच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. मी आधी शिकाऱ्यांच्या मुक्कामावर स्वयंपाक करायचे. मग एका जुन्या गाईडच्या हाताखाली दोन हंगाम काढले. बंदुकीच्या लायसन्ससाठी सुरक्षेचा कोर्स आणि परीक्षा द्यावी लागली. बंदूक कुलपात कुठे ठेवणार, हे बघायला माणूस घरी आला. आणि गंमत म्हणजे नवऱ्याचीही वेगळी मुलाखत झाली! अर्जदार तापट आहे का, घरात धाकदपटशा चालतो का, हे घरच्या माणसाला विचारतात. अर्ज पुरुषाचा असेल तर बायकोला. बायकोच्या शब्दाला एवढं वजन, हे मला फार आवडलं. शिवाय सरकारी संरक्षित जमिनीवर पैसे घेऊन गाईडचं काम करायचं, तर संवर्धन खात्याची परवानगी लागते ती वेगळीच.

खरं सांगायचं तर गोळी झाडणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग. वारा कुठून वाहतोय, पावसानं फुगलेली नदी ओलांडायची की नाही, दुर्बिणीत दिसतोय तो नर की मादी, यातच दिवस जातो. निशाणा नेमका काय आहे याची पूर्ण खात्री करा, हा इथला पक्का नियम. हरीण समजून माणसावर गोळी झाडल्याच्या घटना इथे घडलेल्या आहेत.

एकदा असंच धुकं उतरलं. समोर काहीतरी हललं. बरोबरच्या पाहुण्यानं भरपूर पैसे मोजलेले, तो बंदूक सरसावून तयार. मी म्हटलं, ‘थांबा.’ त्यानं हुज्जत घातली, मी बधले नाही. धुकं विरलं तेव्हा कडा रिकामा होता. संध्याकाळभर तो माझ्याशी बोलला नाही.

रात्री गुरुजींनी एवढंच विचारलं, ‘पुन्हा असं झालं तर?’

‘पुन्हा थांबवीन,’ मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी मला एकटीला पाहुण्यांबरोबर पाठवायला सुरुवात केली.