हिमशिखरांच्या नावाची सहा विमानं

१३ ऑक्टोबर १९५५ रोजी अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीने एकाच दिवशी ४५ जेट विमानांची मागणी जाहीर केली. वीस बोइंग ७०७ आणि पंचवीस डग्लस डीसी-८. जगभरच्या विमान कंपन्यांची झोप उडाली. उद्या ज्याच्याकडे जेट नाही त्याच्याकडे प्रवासी फिरकणार नाही, हे सगळ्यांनाच कळून चुकलं. पुढच्या वर्षी मुंबईच्या एअर-इंडिया इंटरनॅशनलनेही बोइंगकडे आपली मागणी नोंदवली. तीन विमानांची.

हा आकडा वाचून आपली कंपनी किती लहान होती, एवढंच मनात येतं. पण पुढे जे घडलं ते या लहानपणामुळेच घडलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पॅन अ‍ॅमला जे जमलं नाही, ब्रिटनच्या बीओएसीला जमलं नाही, ते मुंबईच्या या कंपनीने १९६२ साली करून दाखवलं.

जेटची ओढ कंपनीचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटांना आधीपासूनच होती. जगातली पहिली प्रवासी जेट सेवा बीओएसीने २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग सुरू केली, ती ब्रिटिश बनावटीच्या कॉमेट विमानाने. कॉमेटच्या पुढच्या, मोठ्या आवृत्तीसाठी एअर-इंडियाही रांगेत उभी होती. पण कॉमेटचे ग्रह फिरले. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ला, कलकत्त्याहून उडालेलं कॉमेट वादळात सापडून कोसळलं आणि त्यातले ४३ जण गेले. १९५४च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये आणखी दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. इंग्लंडमध्ये फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर दाब चढवण्या-उतरवण्याचे प्रयोग झाले, तेव्हा कारण सापडलं. प्रत्येक उड्डाणात विमानाच्या पत्र्यावर ताण येतो आणि जातो. त्या ये-जा करण्याने धातू थकतो, खिडकीच्या कोपऱ्यासारख्या जागी चीर धरते आणि एक दिवस सगळं शरीर उकलतं. ७०७ बांधणाऱ्यांनी हा धडा गाठीशी बांधला. पत्रा जाड घेतला आणि चीर पडलीच तर ती पुढे पळू नये म्हणून जागोजाग आतून पट्ट्या बसवल्या. आपण कॉमेटसाठी थांबलो होतो आणि मिळालं ७०७, हे आपलं नशीब. ते नशीब दुसऱ्यांच्या जिवावर उभं होतं, हेही विसरता कामा नये.

एअर-इंडियाने घेतलेली विमानं होती ७०७-४३७ या उपप्रकाराची. सांगाडा अमेरिकेचा, इंजिनं इंग्लंडची: रोल्स-रॉइसची कॉनवे. अशी ब्रिटिश इंजिनांची ७०७ जगात सगळी मिळून ३७ बनली, त्यातली, पहिली तीन धरून, सहा आपली. कॉनवे हे नियमित प्रवासी सेवेत आलेलं पहिलं बायपास जातीचं इंजिन. साध्या जेट इंजिनात आत ओढलेली सगळी हवा ज्वलनकक्षातून जाते. कॉनवेत काही हवा त्या आगीला वळसा घालून बाजूने मागे जाते आणि मागच्या झोताला मिळते. त्याने इंधन वाचतं आणि आवाजही जरा उतरतो. आज कुठल्याही विमानाच्या पंखाखाली दिसणारी ती भलीमोठी इंजिनं याच कल्पनेची वाढ आहे. कॉनवेत बाजूने जाणारी हवा अगदी थोडी होती, आता बहुतेक सगळी हवा बाजूनेच जाते.

आवाज मात्र कानठळ्या बसवणाराच होता. न्यूयॉर्कच्या विमानतळ प्राधिकरणाने आवाजाची मर्यादा घालून दिली होती आणि ती पाळल्याशिवाय तिथे उतरायची सोय नव्हती. म्हणून प्रत्येक इंजिनाच्या मागच्या तोंडाला फुलाच्या पाकळ्यांसारखं कातरलेलं नळकांडं बसवलेलं असे. गरम झोत त्या पाकळ्यांतून फुटून बाहेरच्या हवेत लवकर मिसळायचा आणि गडगडाट थोडा बोथट व्हायचा. त्यापायी वजन वाढायचं, थोडी ताकदही जायची. जुन्या छायाचित्रांत ७०७ मागून दिसलं की मी आधी ही तोंडं शोधतो.

शेपटीची कथा त्याहून मोलाची आहे. तिरक्या पंखांच्या या विमानाला एक खोड होती. नाक डावी-उजवीकडे झुलू लागायचं आणि त्याच तालात पंख खाली-वर व्हायचे. वैमानिक याला डच रोल म्हणतात. एका बाजूचं इंजिन बंद पडलं तर विमान सरळ ठेवायला सुकाणूही अपुरं पडे. ब्रिटनच्या विमान नोंदणी मंडळाचे मुख्य चाचणी वैमानिक डी. पी. डेव्हिस यांनी विमान उडवून पाहिलं आणि आहे तसं ते मंजूर करायला नकार दिला. बोइंगला उभी शेपटी उंच करावी लागली आणि पोटाखाली मागच्या बाजूला आणखी एक छोटं कल्ल्यासारखं पातं लावावं लागलं. पुढे जगभरातल्या ७०७ विमानांना या सुधारणेचा लाभ झाला. एका माणसाने नाही म्हटल्यामुळे किती जीव वाचले, याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही.

पहिलं विमान, ‘गौरीशंकर’, २१ फेब्रुवारी १९६० रोजी ताफ्यात आलं. एअर-इंडियाची नावं ठेवण्याची रीत मोठी देखणी होती. १९४८च्या कॉन्स्टेलेशन विमानांना प्रिन्सेस म्हणायचे: मलबार प्रिन्सेस, मराठा प्रिन्सेस. नंतरच्या सुपर कॉन्स्टेलेशन झाल्या राण्या: झाशीची, अजिंठ्याची, वेरूळची. जेट आली तेव्हा नावं हिमालयात गेली: गौरीशंकर, अन्नपूर्णा, कांचनजंगा. जेट विमान स्वतः विकत घेऊन ताफ्यात आणणारी ही आशियातली पहिली कंपनी. शेजारच्या पाकिस्तान इंटरनॅशनलने मार्च १९६०मध्ये पॅन अ‍ॅमकडून भाड्याने घेतलेलं ७०७ उडवलं. म्हणजे शर्यत अगदी अटीतटीची होती. १४ मे १९६०ला एअर-इंडियाचं जेट न्यूयॉर्कच्या मार्गावर लागलं.

काय बदललं ते असं बघा. ८ जून १९४८ला मुंबईहून निघालेली मलबार प्रिन्सेस कैरो, जिनीव्हा करत १० जूनला लंडनला पोचली होती. त्यानंतर सुपर कॉन्स्टेलेशन आलं तरी पंख्यांचं ते विमान वीस हजार फुटांच्या आसपास, म्हणजे ढगांच्या गर्दीतूनच जायचं. ७०७ पस्तीस हजार फुटांवरून ताशी नऊशे किलोमीटरच्या वेगाने जाऊ लागलं आणि पंख्याच्या इंजिनांची ती सततची थरथर संपली. बॅलार्ड पिअरवरून आगबोटीने विलायतेला जाणारे विद्यार्थी आणि डॉक्टर मग सांताक्रूझला जाऊ लागले. आगबोटीचे आठवडे गेले, विमानाचा एक दिवसही लागेना.

कॉकपिटमध्ये मात्र जुनं जग अजून शिल्लक होतं. दोन वैमानिक, एक फ्लाइट इंजिनिअर आणि एक नॅव्हिगेटर. छताला एक छोटं भोक असे. त्यातून नॅव्हिगेटर पेरिस्कोपसारखा सेक्स्टंट वर सारायचा, ताऱ्याची उंची मोजायचा, तक्ते काढून नकाशावर रेघ मारायचा. ध्वनीच्या वेगाला टेकलेलं यंत्र आणि त्याची वाट दाखवायला खलाशांची विद्या! मला या काळाचं खरं चित्र इथेच दिसतं.

आता लहानपणाच्या फायद्याकडे येतो. मोठ्या कंपन्यांकडे पंख्याची विमानं डझनांनी होती आणि त्यांतली बरीच नुकतीच घेतलेली, पैसे न फिटलेली. बीओएसीने ब्रिटानिया आणि डीसी-७सी ही विमानं १९५६-५७च्या सुमाराला सेवेत आणली आणि तीन-चार वर्षांत ती जुनी ठरली. ती एका फटक्यात काढून टाकणं कुणाला परवडणार? एअर-इंडियाकडे मूठभर सुपर कॉन्स्टेलेशन होत्या; त्या भारतीय वायुदलाने घेतल्या. ८ जून १९६२ला कंपनीच्या नावातला ‘इंटरनॅशनल’ गळला आणि तीन दिवसांनी, ११ जूनला, एअर इंडिया ही संपूर्ण जेट ताफ्याची जगातली पहिली विमान कंपनी ठरली.

पण लहान ताफा चालवणं हे जिवाला घोर लावणारं काम. पन्नास विमानांतलं एक हँगरमध्ये अडकलं तर वेळापत्रक सावरता येतं. पाच-सहांतलं एक अडकलं की लंडनही चुकतं आणि टोकियोही. कलिन्याच्या बाजूला, जुन्या विमानतळावरच्या हँगरमध्ये, रात्रपाळीचे मेकॅनिक विमान पहाटेपर्यंत उभं करून देत होते म्हणून सकाळचं उड्डाण वेळेवर निघायचं. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांचा महाराजा, कंपनीचं ते बोधचिन्ह, जगाला ठाऊक आहे, आणि तो होताही गुणी. जे. आर. डी. स्वतः प्रवास करून आले की चहाच्या रंगापासून सगळ्या त्रुटींची टिपणं पाठवत, हेही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. हँगरमधल्या त्या माणसांवर मात्र फारसं कुणी लिहिलं नाही, आणि ही उणीव मला टोचते.

यंत्र पुढे गेलं आणि जमिनीवरची व्यवस्था मागे राहिली, हेही या काळाचं वास्तव आहे. जुलै १९५३मध्ये बीओएसीचं एक कॉमेट सांताक्रूझ समजून चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं होतं. जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ने १९७२मध्ये तीच चूक पुन्हा केली. ७ जुलै १९६२च्या मध्यरात्री बँकॉकहून मुंबईला येणारं अलितालियाचं डीसी-८ वेळेआधी खाली उतरू लागलं आणि जुन्नरच्या डोंगराला धडकलं. ९४ माणसं गेली. त्या विमानालाही कॉनवे इंजिनंच होती आणि ती शेवटपर्यंत नीट चालत होती.

‘कांचनजंगा’चंही तसंच झालं. २४ जानेवारी १९६६च्या सकाळी ते जिनीव्हाला उतरण्याच्या तयारीत होतं. दिशा दाखवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बेरूत सोडतानाच बिघडलेलं होतं. वैमानिकाने माँ ब्लाँ पर्वत मागे पडला असा अंदाज बांधून तो कळवला. रडारवरच्या नियंत्रकाला चूक दिसली, त्याने खरी जागा सांगितलीही. पण शब्द नेमके नव्हते. वैमानिकाला ऐकू आली ती दुरुस्ती नव्हे, होकार. विमान उतरत राहिलं. ११७ जणांत व्हिएन्नाला निघालेले डॉ. होमी भाभा होते. त्याच पर्वतावर १९५०मध्ये मलबार प्रिन्सेसही कोसळली होती. बॉसाँ हिमनदी अजून ‘कांचनजंगा’तल्या वस्तू खाली आणून सोडते: २०१२मध्ये परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली, २०२०मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातम्यांची वर्तमानपत्रं. ज्या दिवशी विमान पडलं त्याच दिवशी दिल्लीत त्यांचा शपथविधी होता.

१९६४पासून अमेरिकन इंजिनांची नवी ७०७ आली, १९७१मध्ये जंबो आलं आणि कॉनवेवाली विमानं जवळच्या मार्गांवर गेली. ‘गौरीशंकर’ २२ वर्षं उडालं. २२ जून १९८२च्या पावसात क्वालालंपूरहून मद्रासमार्गे मुंबईला उतरताना ते कोसळलं. १११ जणांपैकी १७ दगावले.

ज्या राण्यांना जेटसाठी निवृत्त केलं, त्यांचं आयुष्य मात्र चिवट निघालं. वायुदलाने त्या पुण्यात लोहगावहून समुद्रावर टेहळणी करायला वापरल्या. नोव्हेंबर १९७६मध्ये ते काम नौदलाकडे गेलं आणि त्या गोव्यात दाबोळीला आल्या. तिथे त्या ऐंशीच्या दशकातही उडत होत्या. त्यांतली एक दाबोळी विमानतळाजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात अंगणात उभी आहे. गोव्याला जाल तेव्हा अर्धा दिवस काढून ती नक्की बघा, आणि मुलांनाही दाखवा.