हजारातले एकशे चाळीस

डबीच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट 1000 मिग्रॅ’. घेणारा समजतो, हजार मिलिग्रॅम मॅग्नेशियम पोटात गेलं. तारापूर एमआयडीसीत क्यूसी लॅबमध्ये काम करणाऱ्या माझ्यासारखीला ते वाचून राहवत नाही, कारण क्षारातला धातू वेगळा काढून मोजणं हेच आमचं रोजचं काम. मॅग्नेशियमचा अणुभार 24.3, ग्लायसिनेटचा रेणुभार 172.4. भागाकार केला की 14 टक्के येतात. म्हणजे हजारात मॅग्नेशियम जेमतेम 140. ऑक्साइडमध्ये ते 60 टक्के असतं, पण ऑक्साइड पाण्यात फारसं विरघळत नाही, अंगी कमी लागतं आणि पोट ढिलं करतं. म्हणून डबी फिरवून ‘एलिमेंटल’ या शब्दापुढचा आकडा शोधायचा. तो छापलेलाच नसेल तर ती डबी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा आकडा डोळ्यांनी पाहता येतो. गोळी खलात कुटायची, पाव गोळीएवढी पूड तोलून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायची आणि गाळून घ्यायची. मग अमोनियाचं बफर. त्याचा वास नाकात चढतो, पण पीएच 10 वर आल्याशिवाय पुढचं काही जमत नाही. चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी टाकला की फ्लास्क द्राक्षाच्या दारूसारखा लाल होतो. ब्युरेटमधून मॅग्नेशियमला पकडणारं ईडीटीए सोडत, फ्लास्क गोल फिरवत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही, मग जांभळी झाक येते. इथे हात आवरावा लागतो. थेंब, फिरव, थांब. एका थेंबाला लाली पूर्ण जाते आणि स्वच्छ निळा उरतो. 0.1 मोलर ईडीटीएचा एक मिली म्हणजे 2.43 मिग्रॅ मॅग्नेशियम. 140 ची गोळी खरी असेल तर पाव गोळीला 14.4 मिली लागायला हवेत. गोळीत कॅल्शियमही असेल तर तेही ईडीटीए खातं, तेव्हा ते आधी वेगळं धरावं लागतं.

प्लँटवरचे एक ऑपरेटर काका विचारायला आले होते. “मॅडम, पोटऱ्यांत गोळे येतात रात्री. मॅग्नेशियमच्या दोन गोळ्या घेऊ का?” मी आधी त्यांच्या ताटाचा हिशेब मांडला. अमेरिकेच्या शिफारशीत तिशीपुढच्या पुरुषाला दिवसाला 420 आणि बाईला 320 मिग्रॅ लागतं, तेही अन्नासकट. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात ते 20 च्या आतबाहेर असतं, तेवढ्याच नाचणीत 140 च्या वर. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर पिकणारी नाचणी बोईसरच्या बाजारात मिळते, तरी दोन्ही वेळच्या ताटात भातच असतो. त्यात डाळ, शेंगदाणे, चवळी, पालेभाजी धरली तर उरणारी तूट बहुतेक वेळा एका गोळीत भागते. नुसत्या गोळ्यांतून घ्यायची वरची मर्यादा अमेरिकेत 350 आहे, युरोपात 250. ती ओलांडली की आधी जुलाब लागतात. ॲसिडिटीच्या पातळ औषधांतही बऱ्याचदा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं, तेही याच हिशेबात धरायचं.

काकांना मधुमेह आहे, म्हणून मी मूत्रपिंडांसाठीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट विचारला. जादा मॅग्नेशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ती थकलेली असतील तर ते रक्तात साचतं, रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके मंदावतात. अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर वेळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

पोटऱ्यांतल्या गोळ्यांबद्दलही त्यांना खरं ते सांगितलं. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, उतारवयात पायात येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग दिसत नाही. शिवाय त्यांच्यासारख्या रिॲक्टरजवळ आठ तास घाम गाळणाऱ्याच्या अंगातून मुख्यतः मीठ आणि पाणी जातं. काकांनी रिपोर्ट काढून डॉक्टरांना दाखवायचं कबूल केलं, आणि तोवर डबी उघडायची नाही असं ठरलं.