मुळशीचा पाऊस आणि कुरळे केस

जून लागला की माझ्या पिरंगुटच्या पार्लरमध्ये एकच तक्रार ऐकू येते : "ताई, केस नुसते पिंजारलेत, काहीतरी करा." हिंजवडीच्या कंपन्यांतल्या मुली हेच म्हणतात, पौडच्या कॉलेजातल्या मुलीही, आणि भातलावणी आटोपून आलेल्या बायकाही. प्रत्येकीला मी आधी सांगते, की तुझे केस बिघडलेले नाहीत. ते हवेतला ओलावा मोजतायत.

हे अगदी शब्दशः खरं आहे. माणसाचा केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. पार कोरड्या हवेतून पार दमट हवेत नेला, तर लांबीत दोन-अडीच टक्क्यांचा फरक पडतो. याच गुणाचा उपयोग करून सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने केसाचा आर्द्रतामापक बनवला आणि १७८३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे कितीतरी काळ जगभरच्या वेधशाळांत केसांची जुडी ताणून बसवलेली यंत्रं चालली, आपल्या हवामान खात्याकडेही ती होती. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. तिथून जाताना मला दरवेळी वाटतं, जे पाहून मुली रडकुंडीला येतात तेच इथे शास्त्राच्या कामी आलं.

आणि मुळशीत मोजायला ओलावा भरपूर! पुणे शहरात वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या ताम्हिणी घाटात जोराच्या एका आठवड्यात तेवढा कोसळून जातो.

केस पिंजारतात का, हे समजलं की निम्मं काम झालं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याला आकार देणारे बंध मुख्यतः दोन तऱ्हेचे. गंधकाचे बंध पक्के, ते पाण्याने हलत नाहीत. हायड्रोजनचे बंध कच्चे, ते पाणी लागलं की सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. केस कुरळा की सरळ, हे टाळूखाली त्याच्या मुळाच्या आकारावरून ठरतं. पण आज वळ्या कशा बसणार, ते केस वाळताना ठरतं. कुरळ्या केसाला आणखी एक अडचण असते. टाळूचं तेल वळणावळणाने टोकापर्यंत उतरत नाही, त्यामुळे टोकं कोरडी आणि खरबरीत राहतात. अशा केसांत दमट हवा शिरते ती कुठे कमी, कुठे जास्त. मग प्रत्येक केस आपापल्या तऱ्हेने फुगतो आणि वळीतून सुटून उभा राहतो. यालाच मुली फ्रिझ म्हणतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जे काय करायचं ते केस ओले असताना करा. वाळल्यावर हात लावू नका आणि कंगवा तर नाहीच नाही.

माझ्या खुर्चीत कुरळ्या केसांची मुलगी बसली, की मी आधी टाळू सौम्य शाम्पूने चोळते; लांबीला वेगळा शाम्पू लावत नाही, ओघळणारा फेस पुरतो. मग कंडिशनर भरपूर, कानाच्या खालून टोकांपर्यंत. गुंता बोटांनी आणि नंतर मोठ्या दातांच्या फणीने सोडवायचा, तोही टोकाकडून वर. त्यानंतर ओंजळीत पाणी घेऊन केसांत मुठीने दाबायचं. पचपच असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर पाणी कमी पडलंय, अजून घ्यायचं. या वेळी वळ्या डोळ्यांदेखत एकत्र येतात. ज्या मुलीने जन्मभर आपले केस म्हणजे टोपलं असं ऐकलंय, ती आरशात बघत गप्प होते.

मग पाणी निथळतंय तोवरच जेल लावायचं. ते बाजारातून आणलंच पाहिजे असं नाही. आपल्या घरात चटणीसाठी जवस असतेच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर उकळायची, चमचा उचलल्यावर तार सुटली की लगेच गॅस बंद. गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळावं, गार झाल्यावर ते गाळलं जात नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. केस टॉवेलने खसाखसा पुसू नयेत. जुन्या सुती साडीच्या तुकड्याने किंवा टी-शर्टने खालून वर दाबून टिपावेत. वाळल्यावर वळ्या पापडासारख्या कडक लागतात. घाबरायचं नाही, तळहातांनी हलके चुरगाळलं की मोकळ्या होतात. पावसाळ्यात ग्लिसरीन जास्त असलेली क्रीमं मात्र टाळा, ती हवेतलं पाणी केसांत ओढतात.

लोरेन मॅसी या अमेरिकेतल्या केशतज्ज्ञ बाईंनी २००१ मध्ये 'कर्ली गर्ल' हे पुस्तक लिहिलं, त्यातून ही पद्धत जगभर गेली. त्या शाम्पू पुरता बंद करायला सांगतात. ते मला इथे पटत नाही. आपल्याकडे घाम आहे, धूळ आहे आणि तेल लावायची सवय आहे.

खोबरेल केसांना चांगलं, असं आजी सांगायची; ते प्रयोगाने सिद्ध झालं, तेही मुंबईत. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून २००३ साली निष्कर्ष छापले. तिघांत फक्त खोबरेलाने केसांतल्या प्रथिनांची झीज कमी केली, कारण त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ, ते केसाच्या आत शिरतं. हे दोघं मॅरिकोत, म्हणजे खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते, हेही वाचकांनी लक्षात ठेवावं. मी मात्र खोबरेल धुण्याच्या आदल्या रात्री लावायला सांगते, आणि तेही थोडंसं.

पाण्याकडे कुणी बघत नाही. हिंजवडी-माणच्या सोसायट्यांत बोअरचं, टँकरचं पाणी; त्यातले क्षार केसांवर बसतात आणि कितीही महाग कंडिशनर आणला तरी केस राठच. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, पावसाच्या मऊ पाण्याने आणि शिकेकाईने न्हाणाऱ्या बायकांचे केस मी हाताळते, तेव्हा फरक बोटांना कळतो. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा तांब्या तरी गाळलेल्या पिण्याच्या पाण्याचा घ्यावा.

केस सरळ करायची केराटिन ट्रीटमेंट, स्मूदनिंग मी करत नाही. गिऱ्हाईक परत जातं, तरी करत नाही. त्यासाठीच्या अनेक द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, आणि ते कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केलेलं आहे. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरलं, तर मूत्रपिंडाला इजा झालेल्या स्त्रिया इस्रायल आणि फ्रान्सच्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. ऑफिसात नीटनेटकं दिसायला हवं म्हणून पोरींनी एवढी किंमत मोजावी, हे मला सहन होत नाही.

आणि ज्यांच्यापर्यंत हे काहीच पोचत नाही, त्यांच्याबद्दल. न विंचरलेल्या केसांचा गुंता होतो, कुरळ्यांचा लवकर. गुंत्यात तेल-धूळ साचून त्याची जट होते. मग कुणीतरी सांगतं, ही देवीची, कंगवा लावलास तर कोप होईल. ती बाई मानदुखी, उवा, वास सगळं मुकाट सोसत राहते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो बायकांची समजूत काढून त्यांच्या जटा कापल्या आहेत. घट्ट झालेली जट कापावीच लागते. पण सुरुवातीचा गुंता सुटतो. घरात लहान मुलीच्या मानेपाशी केसांची गाठ हाताला लागली, तर ती त्याच संध्याकाळी सोडवायला बसा. खोबरेल जिरू द्या, टोकाकडून एकेक बट वेगळी करा, आणि दुखलं तर थांबून पुन्हा तेल लावा.