खुब्याचा सांधा कधी बदलावा?

सोलापुरात रोजचे बरेचसे काम जमिनीवर बसून होते. विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन् तास मांडी घालून बसतात. देवपूजा, भाजी निवडणे, पंगत हे सारे खालीच. त्यामुळे खुब्याचा आजार इथे अनेकदा चालण्याआधी बसण्यात दिसतो. मांडी घालता येत नाही, उकिडवे बसले की जांघेत कळ येते, चपलेचा पट्टा लावायला दुसऱ्याची मदत लागते. घरचे म्हणतात, "वय झाले, वात असेल." रुग्णही तेच मानतो आणि वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

दुखणे नेमके कुठे?

कमरेखाली बाजूला हात ठेवून बहुतेक जण "खुबा दुखतो" असे सांगतात. प्रत्यक्षात खुब्याच्या सांध्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते, तिथून मांडीत आणि कधी थेट गुडघ्यात उतरते. गुडघ्याचे एक्स-रे काढून, तेल चोळून, इंजेक्शने घेऊनही गुण येत नसेल तर खुबा तपासून घ्यावा. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत जाणारी, मुंग्या आणणारी कळ मात्र बऱ्याचदा मणक्याची असते. चुकीच्या जागेवर उपचार होण्यापेक्षा ही शहानिशा आधी झालेली बरी.

सांधा का झिजतो?

खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. वयोमानाने त्यावरचे गुळगुळीत कूर्चेचे आवरण झिजते. पण आपल्याकडे तिशी-चाळिशीतले रुग्णही कमी नाहीत. त्यांच्यात बहुतेकदा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरते आणि हळूहळू खचते. दारूचे व्यसन, जुना अपघात आणि स्टेरॉइडचा दीर्घ वापर ही त्याची प्रमुख कारणे. दमा, त्वचारोग किंवा संधिवातासाठी डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड गरजेचे असते. ते मनाने बंद करू नये. धोका आहे तो जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने घेतलेल्या गोळ्यांचा आणि सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांचा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे तपासण्यांत आढळलेले आहे. पहिल्याच दिवशी जादूसारखा आराम पडला, तर त्या पुडीत काय आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

या आजारात सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो. एमआरआयमध्ये मात्र दोष कळतो. गोळा खचण्यापूर्वी निदान झाले तर हाडात छिद्र पाडून दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया काही जणांचा स्वतःचा सांधा वाचवू शकते. गोळा खचल्यावर ही संधी बहुधा उरत नाही. म्हणून तरुण माणसाची जांघ दोन-तीन आठवडे दुखत राहिली तर थांबू नये.

निर्णय कशावर?

निव्वळ एक्स-रेवर नाही. फिल्मवर सांधा पार झिजलेला असूनही शेताची फेरी मारून येणारे आजोबा असतात, आणि मध्यम झीज असताना रात्रभर जागणारी माणसेही असतात. चार गोष्टी पाहाव्यात. रात्री दुखण्याने झोप मोडते का? सलग किती चालता येते, आणि ते अंतर दर महिन्याला कमी होते आहे का? रोज वेदनाशामक गोळी लागते का? कामधंदा, अंघोळ, शौच यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते का? व्यवस्थित उपचार करूनही यातील बहुतेक उत्तरे 'हो' असतील आणि एक्स-रेही तेच सांगत असेल, तर सांधा बदलण्याची वेळ आली आहे.

व्यवस्थित उपचार म्हणजे वजन कमी करणे, कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम, आणि काठी. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरली तर तो बराच हलका होतो. पुष्कळ जण ती उलट हातात धरतात. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांचा मार मूत्रपिंडावर बसतो.

पडून खुबा मोडला असेल तर मात्र हा सगळा हिशेब लागू नाही. म्हातारी व्यक्ती पडली, पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, उभे राहता येईना, तर चोळणे, ओढणे, पट्ट्या बांधणे टाळून थेट रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी. अंथरुणावर पडून राहिल्याने न्यूमोनिया, शय्याव्रण आणि रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि त्याच जिवावर बेततात.

सांधा किती टिकतो?

इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि टणक प्लास्टिकची वाटी अशी जोडी वापरली. आजचे सांधे त्याच कल्पनेची सुधारित रूपे आहेत. परदेशांतील मोठ्या नोंदींनुसार दहांपैकी जवळपास सहा सांधे २५ वर्षे टिकतात. सत्तरीतल्या माणसाला म्हणूनच बहुधा एकच सांधा पुरतो. पस्तिशीतल्या माणसाला पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ती पहिलीपेक्षा अवघड असते. पण तेवढ्यासाठी कमावत्या वयातली दहा वर्षे खाटेवर घालवणेही शहाणपणाचे नाही. स्नायू सुकून सांधा आखडला की शस्त्रक्रियेनंतरही चाल पूर्ण सुधारत नाही.

धोके आहेत: जंतुसंसर्ग, गुठळी, सांधा निखळणे, पायाच्या लांबीत फरक. ते कमी करणे बरेचसे आपल्या हाती असते. आधी साखर आटोक्यात आणावी, किडलेले दात आणि पायाच्या जखमा बऱ्या कराव्यात, तंबाखू-विडी सोडावी. घरी कमोड किंवा कमोडची खुर्ची आणून ठेवावी. खाली बसणे, मांडी घालणे हे सर्जनला विचारूनच.

खर्चाच्या धास्तीने निर्णय लांबवू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र असतो. आपल्या आजाराची शस्त्रक्रिया योजनेत कुठे होते, कागद कोणते लागतात, हे त्याला विचारावे. आणि सर्जनकडे जाताना एक्स-रेबरोबर एक गोष्ट ठरवून जावी: बरे झाल्यावर नेमके काय करायचे आहे? मागावर उभे राहायचे आहे, की पंढरीची वाट चालायची आहे? त्या उत्तरावरूनच शस्त्रक्रिया आता करायची की थांबायचे, हे दोघांना मिळून ठरवता येते.