‘खेळायला एवढ्या लांब कशाला न्यायचं?’

ताईंनो, प्ले थेरपीचा, म्हणजे खेळातून उपचाराचा विषय निघाला की बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. “पोरं घरी खेळतातच की! मग एसटीचं भाडं घालून, मजुरी बुडवून खेळायला कशाला न्यायचं?” प्रश्न रास्त आहे.

मोठं माणूस दुःख बोलून दाखवतं. लेकराकडे तेवढे शब्द नसतात. घरात कुणी गेलं, अपघात पाहिला, रोजची मारहाण पाहिली की ते पुन्हा अंथरूण ओलं करतं, गप्प होतं, नाहीतर चावतं, मारतं. मनातलं सगळं भातुकलीत, बाहुलीत, चित्रात उतरतं. शिकलेला समुपदेशक नुसता बसलेला दिसतो, पण मूल पुन्हा पुन्हा काय खेळतं ते तो पाहत असतो. खेळ मूलच ठरवतं. त्यातून भीती हळूहळू सैल होते. एक-दोन फेऱ्यांत फरक दिसत नाही, म्हणून मधेच सोडू नका.

घरात काय काय ऐकावं लागतं?

सासूबाई म्हणतात, “नजर लागलीय.” वाद घालू नका. “तुम्ही अंगारा लावा, मी दवाखान्यात नेते,” असं म्हणा. जमलं तर त्यांनाही सोबत न्या.

नवरा म्हणतो, “हे लाड आहेत, दोन फटके दे.” मारानं सवय लपते, भीती वाढते.

शेजारी म्हणतात, “पोराला वेडं ठरवतील.” ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो, तसंच हे.

जायचं कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्यांना मुलाचं वागणं मोकळेपणानं सांगा. बोलणं उशिरा येत असेल तर आधी कान तपासून घ्या. पुढची गरज असेल तर पथक जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात पाठवतं, तिथले उपचार मोफत आहेत. टेलिमानसचा १४४१६ हा नंबरही मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो. मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८ लावा.

उपचाराहून आल्यावर “आत काय केलंस?” म्हणून खोदून विचारू नका. “ऐकलं नाहीस तर नेणार नाही,” असा धाकही घालू नका. घरी रोज थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा. खेळ त्यालाच ठरवू द्या.

आणि गटातली एखादी ताई लेकराला घेऊन निघाली, तर त्या दिवशी तिच्या शेळ्या कोण सांभाळणार, तेवढं बैठकीत ठरवा. भाड्यापेक्षा तिथेच जास्त अडतं.